फाटकापासून पोर्चपर्यंत काय घालावं? पेव्हर, फरशी की काँक्रीट, आणि ठेकेदार कसा पारखावा

ओसरी

नमस्कार मंडळी. घराचं काम उरकलं, आता बाहेरची जमीन तेवढी बोडकी राहिली आहे. जागा दोन. पहिली म्हणजे फाटकापासून पोर्चपर्यंत गाडी यायची पट्टी, १० मीटर लांब आणि ३.५ मीटर रुंद. दुसरी मागच्या दाराबाहेर संध्याकाळी खुर्च्या टाकून बसायला, ४ बाय ४ मीटर. गाडी एकच, साधी. जमीन काळी, चिकण. उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात.

ठेकेदार जागा बघून गेले आणि माझा गोंधळ वाढवून गेले. एक म्हणतो ६० मिमीचे पेव्हर (काँक्रीटचे ब्लॉक) घाला, खाली रेती-सिमेंटचा कोरडा माल टाकू, जन्मात हलणार नाहीत. दुसऱ्याला ग्रॅनाइटशिवाय काही दिसत नाही. तिसरा स्टॅम्प काँक्रीट (वर छाप उठवलेलं) करू म्हणतो आणि मोबाइलमधले फोटो दाखवत बसतो. सगळ्यांनी चौरस फुटाचा एकेक आकडा तोंडी फेकला. कागदावर कुणीच काही दिलं नाही, त्यामुळे तुलना कशाची कशाशी करायची तेच कळेना.

गाडीसाठी काय, बसायच्या जागेसाठी काय, आणि माणूस कसा निवडायचा? दर सांगू नका, ते जागोजागी वेगळे असतात. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुना_मुकादम

ताई, वर काय घालायचं हा शेवटचा प्रश्न. आधी तिघांनाही एकच विचारा: "खणणार किती?"

काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. तिच्यावर नुसती रेती पसरून ग्रॅनाइट घाला नाहीतर सोनं घाला, दोन पावसाळ्यांत चाकाच्या जागी दोन पन्हळी पडणार. तुमच्या जागेला गाडीच्या पट्टीत खालून वर असा हिशेब धरा: दाबून २०० मिमी खडी-मुरूम, त्यावर ३० मिमी रेती, त्यावर ६० मिमी ब्लॉक. बेरीज २९० मिमी, म्हणजे तयार पातळीपासून जवळजवळ एक फूट खाली जायचं. मुळं, पालापाचोळा, बांधकामाचा राडारोडा सगळं काढायचं. माती आणि खडीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचं. नाहीतर खडी हळूहळू मातीत रुतते आणि माती खडीत वर चढते.

खडी एकदम ओतून वरून रोलर फिरवला की काम झालं असं नाही. छोट्या प्लेट कॉम्पॅक्टरचा (थरथरून दाबणाऱ्या मशीनचा) दाब फार खोल जात नाही. १०० मिमीचे थर, प्रत्येक थरावर थोडं पाणी, मग मशीन. पाणी इतकंच की मुठीत दाबल्यावर माल गोळा धरेल, पण हाताला चिखल लागणार नाही. ठेकेदाराकडे मशीन आहे की नुसता हाताने आपटायचा धुमस, हे पहिल्या भेटीतच विचारून घ्या. धुमसाने कोपरे दाबतात, गाडीची वाट नाही.

टिकोजी

+१. आणि एक फूट खणलं तर निघालेली माती कुठे जाणार, हा तिढा आताच सोडवा. ३५ चौरस मीटर गुणिले ०.२९ म्हणजे जमिनीतली सुमारे १० घनमीटर. खणल्यावर ती फुलते, तेव्हा चार ब्राससहून (ब्रास म्हणजे १०० घनफूट) जास्त ढीग फाटकात उभा राहील. "माती उचलून बाहेर टाकणे" हे वाक्य कोटेशनमध्ये नसेल तर ती तुमच्याच बागेत पसरली जाईल आणि वर "बागेची लेव्हल फुकट करून दिली" असं ऐकवलं जाईल.

चिरेबंदी

मी दगडवाला, तेव्हा दगडाची बाजू मांडतो. वर्षं सरतील तसा चांगला दिसत जाणारा माल एकच, दगड. बाकी सगळं नवं असताना छान दिसतं. पण घालायच्या रीती आहेत.

गाडीखाली पातळ फरशी नको. २० मिमीची ग्रॅनाइट फरशी मालावर चार ठिपके देऊन चिकटवली की तिच्या पोटात पोकळी राहते आणि कोपऱ्यावर चाक आलं की ती तडकते. गाडीखाली किमान ४० मिमी जाडीचा दगड, खाली काँक्रीटचा थर आणि पूर्ण तळाला माल, कुठेही पोकळ नाही. काठीने ठोकून बघा, पोकळ जागा आवाजातच कळते. नाहीतर सरळ ग्रॅनाइटचे कापीव ठोकळे घ्या, त्यांना गाडीची फिकीर नाही. फक्त उंच टाचांची चप्पल आणि व्हीलचेअर यांचे हाल होतात.

पृष्ठभाग पॉलिशचा अजिबात नको. ग्रॅनाइट असेल तर फ्लेम फिनिश, म्हणजे ज्वाळेने खरबरीत केलेला. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीच्या कुळातले. बसायच्या जागेला उत्तम, खरबरीत ठेवले तर पावसातही पाय धरतात. मात्र यांच्यावर कधीही अॅसिड ओतू नका. काम संपताना सिमेंटचे डाग काढायला मजूर हटकून अॅसिडची बाटली आणतो. चुनखडीवर अॅसिड पडलं की फेस येतो, तो फेस म्हणजे तुमचाच दगड विरघळतोय. वरची झिलई जाते आणि ती परत येत नाही.

रेघोट्या

मी घरांच्या आवारांचे नकाशे काढते. मुकादमकाकांच्या एक फुटाला अनुमोदन, पण त्याआधी पातळ्या ठरवा. बाहेरच्या कामात निम्म्या तक्रारी मालाच्या नसून पाण्याच्या असतात.

दोन गोष्टी पक्क्या लिहून ठेवा. तयार पृष्ठभाग घराच्या जोत्यातल्या ओलावारोधक थरापेक्षा किमान १५० मिमी खाली राहिला पाहिजे, नाहीतर पाऊस उडून भिंत ओल धरते. आणि ढाळ घरापासून बाहेरच्या दिशेने हवा. पेव्हरला ६० ला १ असा ढाळ ठेवते मी. खडबडीत दगडाला ५० ला १. तुमच्या १० मीटर लांबीला ६० ला १ म्हणजे पोर्च आणि फाटक यांत सुमारे १७ सेंटीमीटरचा फरक. एवढा फरक जागेवर उपलब्ध आहे का, ते पाण्याच्या नळीने आजच मोजा. नसेल तर मधोमध उंचवटा ठेवून दोन्ही बाजूंना उतरवावं लागेल, किंवा आडवी जाळीची गटार घ्यावी लागेल.

ढाळ नेहमी खणतळापासून द्यायचा. तळ सपाट ठेवून वरच्या रेतीत ढाळ काढला तर एका टोकाला रेती २ सेंटीमीटर आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ १९. जाड रेतीच्या टोकाला ब्लॉक बसणार. रेतीचा थर सगळीकडे सारखा, २५ ते ४० मिमी. खालच्या खडीतले खड्डे रेतीने बुजवायचे नाहीत, खडीनेच बुजवायचे.

पर्जन्यमापक

सगळे पाणी बाहेर घालवायच्याच गोष्टी करताहेत! ५१ चौरस मीटर जमीन पक्की केली तर १ मिमी पावसाला ५१ लिटर पाणी. तासाला ५० मिमीची सर आली तर अडीच हजार लिटर एका तासात फाटकाबाहेर. ते मुरू द्या की. रुंद सांध्यांचे झिरपे पेव्हर मिळतात. सांध्यांत रेतीऐवजी २ ते ५ मिमीची धुतलेली बारीक खडी भरायची आणि तळाला बारीक चुरा नसलेली मोठी खडी. पाणी त्या पोकळ्यांत साठतं आणि सावकाश जमिनीत उतरतं. नाहीतर ग्रास पेव्हर, ज्यांच्या भोकांत गवत वाढतं.

जुना_मुकादम

तत्त्व मान्य, जागा चुकली. काळ्या मातीत पाणी मुरतच नाही म्हटलं तरी चालेल, ते तिथेच बसून मातीला फुगवतं. घराच्या पायालगत हे केलं तर पाया कधी ओला, कधी कोरडा. मुरमाड किंवा रेताड जमीन असती तर मीच म्हटलं असतं, झिरपे घाला.

पर्जन्यमापक

पायापासून दूर, फाटकाजवळच्या पट्टीत चालेल का? तळाशी छिद्रांचा पाइप टाकून?

जुना_मुकादम

चालेल. पण मग पाइपाचं दुसरं टोक कुठे सोडणार ते आधी दाखवा. पाइप टाकतात सगळे. शेवट शोधायला गेलं की मातीत बंद सापडतो.

पक्काकाम

मी स्वतः हा धंदा करतो, म्हणून इतका वेळ गप्प वाचत होतो. ओसरीताई, आकडे वेगळे का, ते आतल्या माणसाकडून ऐका. वरचा ब्लॉक साऱ्यांचा साधारण त्याच भावात येतो. आकडा कमी करायचा तर चारच जागा आहेत: खणाई, खडीची जाडी, कडेचा कर्ब (ब्लॉक पसरू न देणारी पक्की कड) आणि मशीनचं भाडं. चारही काम झाल्यावर दिसत नाहीत. गिऱ्हाईक विचारतं "ब्लॉक कितीचा?" आणि रंगाचा नमुना मागतं. खडी किती टाकणार हे विचारणारी माणसं विरळा.

"६ इंच खडी" या शब्दांतही मेख असते. सुटी ६ इंच की दाबून ६ इंच? सुटी खडी दाबल्यावर पाचवा हिस्सा तरी बसते. म्हणून कोटेशनवर "दाबल्यानंतरची जाडी" असंच लिहून घ्या. आणि मोजायचं सोपं आहे. ३५ चौरस मीटर, दाबून २०० मिमी म्हणजे ७ घनमीटर, दाबलेली अडीच ब्रास. ती बसायला सुटी तीन ब्रासच्या वर माल यायला हवा. फाटकातून दोनच ब्रास आली तर जाडी २०० मिमी होणं शक्यच नाही, मग कुणी काहीही शपथ घेवो. गाडी रिकामी होण्याआधी फाळक्याच्या आत टेप लावा.

कोरड्या मालाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. रेतीत थोडं सिमेंट घातलं की मुंग्या रेती उकरत नाहीत, गवत कमी येतं. लोकांना आवडतं.

रेघोट्या

पक्काकाम, पहिल्या दोन परिच्छेदांना दंडवत. तिसऱ्याला नाही.

पेव्हरचं सगळं बळ लवचीकपणात आहे. ब्लॉक, सांध्यातली रेती आणि कडेचा कर्ब मिळून चाकाचा भार आजूबाजूला वाटतात. जमीन दोन-चार मिलिमीटर हलली तरी फरक पडत नाही. त्याखाली सिमेंटचा पातळ कडक पापुद्रा केला की तो फुगणाऱ्या मातीवर तुटणारच, मग तुकडे डुगडुगतात. वरून सांध्यांतून उतरलेलं पाणी त्या पापुद्र्यावर अडतं. शिवाय उद्या खालची पाण्याची लाइन फुटली तर साधे ब्लॉक उचलून तेच परत बसवता येतात. सिमेंट धरलेले फोडावे लागतात. मुंग्यांचं म्हणाल तर दरसाल सांध्यांत कोरडी बारीक रेती झाडूने भरायची, एवढंच.

पक्काकाम

काळ्या मातीवर तुमचं बरोबर आहे. मुरमावर मी करतो आणि करत राहीन :)

जुना_मुकादम

त्यात एक खरं कारण पक्काकाम सांगत नाहीत. खालची खडी नीट दाबलेली नसली की कोरडा माल ते झाकतो, वर्षभर तरी. ज्याचा तळ पक्का आहे त्याला सिमेंट लागत नाही.

ओसरी

बाप रे, किती माहिती! सगळं लिहून घेतेय. पातळी मोजली: पोर्चची कड आणि फाटक यांत २१ सेंटीमीटर फरक मिळतोय, म्हणजे ढाळाचं जमतंय. आता पेव्हरकडे मन झुकलंय. पण दुकानात दोन प्रकार दाखवले. एक चकचकीत, रंग सुरेख; दुसरा खरबरीत, फिका. चकचकीत जास्त मजबूत असं विक्रेता म्हणाला.

पक्काकाम

चकचकीत तो रबर मोल्डचा. पातळ काँक्रीट साच्यात ओतून टेबलावर हलवतात, दुसऱ्या दिवशी काढतात. खरबरीत तो मशीनचा. जेमतेम ओलसर काँक्रीट कंपन आणि दाब देऊन ठोकतात. पातळ माल करायला पाणी जास्त लागतं आणि पाणी जास्त की काँक्रीट कच्चं. चांगला कारखानदार रसायन वापरून पाणी आवरतो, पण प्रत्येक जण ते करत नाही. झिलई म्हणजे मजबुती नव्हे. पावसात शेवाळ धरलं की तीच झिलई माणसाला आडवं करते. गाडीच्या पट्टीला मशीनचाच घ्या. रबर मोल्ड हवाच असेल तर भिंतीकडेच्या पायवाटेला.

घरच्या घरी पारख: २०० बाय १०० बाय ६० मिमीचा चौकोनी ब्लॉक वजनकाट्यावर ठेवा. घट्ट काँक्रीटचा असेल तर २.६ ते २.९ किलोच्या आसपास भरतो. अडीचच्या खाली गेला तर आत पोकळ्या आहेत. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटा, खणखणीत वाजले पाहिजेत. भद्द आवाज आला तर नको. आणि एक फोडून बघा. रंग वरच्या थरात किती खोल आहे, खडी सगळीकडे सारखी आहे का, ते तिथेच दिसतं. त्यावर एक दिवस पाण्यात बुडवून पुन्हा वजन करा. सुक्यापेक्षा ६ टक्क्यांहून जास्त वाढलं, म्हणजे पावणेतीन किलोच्या ब्लॉकला १६५ ग्रॅमच्या वर, तर तो पाणी पितो.

भोचक_भवानी

विक्रेत्यासमोर ब्लॉक फोडायला मिळणार असतील तर मी येते ओसरीबरोबर.

एक शंका. ६० पुरेल की ८० मिमी घ्यावा? आमच्या गल्लीत एका घरी ६० चे घातले, छान होते. मग एक दिवस पाण्याचा टँकर आत घेतला. चाकांच्या रेषेत सगळं खचलं. ठेकेदार म्हणतो मी टँकरसाठी बांधलं नव्हतं, मालक म्हणतात तू विचारलं नव्हतंस. दोघंही बरोबर!

जुना_मुकादम

विचारायचं ते हेच. घरची गाडी दीड-दोन टनांची, तिला ६० मिमी भरपूर. भरलेला टँकर, सेप्टिक टँक उपसणारी गाडी, पुढे मजला चढवायचा असेल तर काँक्रीटचा मिक्सर, यांचं वजन त्याच्या कितीतरी पट. असं काही वर्षातून एकदा जरी आत येणार असेल तर ८० मिमी आणि खाली खडी आणखी १०० मिमी. ब्लॉक एकटा जाड करून भागत नाही.

आणि मांडणी. गाडीखाली हेरिंगबोन, म्हणजे ब्लॉक एकमेकांना काटकोनात. ब्रेक मारला, चाक वळवलं तरी ब्लॉक सरकत नाहीत. विटेच्या भिंतीसारख्या ओळी घालायच्या असतील तर त्या गाडीच्या दिशेला आडव्या. सांध्याखाली सांधा येणारी चौकटींची मांडणी बसायच्या जागेला ठेवा. कडेला कापलेले तुकडे तिसऱ्या हिश्शाहून लहान नकोत, ते पहिले निघतात.

कर्ब विसरू नका. कडेला काँक्रीटमध्ये धरलेला कर्ब नसेल तर बाहेरची ओळ दरवर्षी थोडी पसरते आणि सांधे उघडत आत येतात. नुसती मातीची भर किंवा गिलाव्याची पट्टी म्हणजे कर्ब नाही.

कोबावादी

पेव्हरच्या या आरतीत मी काँक्रीटची बाजू लढवतो. नीट केलेला काँक्रीटचा पट्टा वर्षानुवर्षं डोकं खात नाही, गवत नाही, मुंग्या नाहीत, झाडायला सोपा. लोकांचे तडकतात कारण सांधे ठेवत नाहीत. काँक्रीट आक्रसताना तडकणारच. तडा कुठे जायचा हे आपण आधी ठरवायचं. तुमच्या १० मीटर लांबीला दोन आडवे सांधे म्हणजे ३.३ बाय ३.५ मीटरचे तीन जवळजवळ चौरस तुकडे. १२५ मिमी जाडी असेल तर सांध्याची खाच ३० मिमी खोल, आणि ती दुसऱ्या आठवड्यात नाही, काँक्रीट कटरची धार सहन करण्याइतकं घट्ट झालं की लगेच, उन्हात तर त्याच दिवशी. जोतं आणि काँक्रीट यांच्यामध्ये फळी किंवा फोमची पट्टी, दोघं एकमेकांना चिकटता कामा नयेत. वर झाडूची रेघ, म्हणजे घसरत नाही.

गवंडी "माल चालत नाही" म्हणून बादलीभर पाणी ओततो, तिथे उभं राहून नाही म्हणायचं. जाळी जमिनीवर अंथरून वर काँक्रीट ओतलं तर ती तळाशी पडून राहते, खालून ठोकळे देऊन वरच्या अंगाला धरायला हवी. आणि पाणी किमान ७ दिवस, गोणपाट ओलं ठेवून. सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडलं याला क्युरिंग म्हणत नाहीत.

स्टॅम्प काँक्रीट म्हणजे हेच, वर छाप आणि रंग. पण दर काही वर्षांनी वरचं सीलर (संरक्षक लेप) पुन्हा मारावं लागतं आणि कुठे फोडून दुरुस्त केलं तर ठिगळ लपत नाही. मी साधंच पसंत करतो.

जुना_मुकादम

कोबावादींचा शब्द न् शब्द बरोबर. फक्त काळ्या मातीवर काँक्रीटलाही तोच एक फूट खणा. आपोआप सुटका नाही.

टिकोजी

अवांतर: डांबर कुणीच सुचवलं नाही.

पक्काकाम

एवढ्याशा कामाला गरम माल आणि मोठा रोलर कोण आणणार? थंड होत चाललेला माल हाताने पसरून देतात आणि पहिल्या उन्हाळ्यात दुचाकीच्या स्टँडचे खड्डे. गाडीतून गळालेलं तेल डांबराला विरघळवतं ते वेगळंच.

भोचक_भवानी

आता ठेकेदाराचं बोला. फोटो सगळ्यांकडे सुंदर असतात. परवाच संपलेलं काम सुंदरच असणार!

रेघोट्या

म्हणून जुनं काम बघायचं, निदान दोन पावसाळे खाल्लेलं. तिथे तीनच जागा बघते मी: चाकांच्या रेषा, कर्बची कड आणि चेंबरच्या झाकणाभोवतीचे तुकडे. झाकणाभोवती ब्लॉक नीट कापून, पातळीत बसवले असतील तर बाकीचं काम बहुधा चांगलं असतं, कारण तिथेच चिकाटी लागते. मालकांशी बोलताना "काम कसं आहे?" विचारू नका, सगळे चांगलंच म्हणतात. "नंतर काही दुरुस्ती लागली का, आणि बोलावल्यावर ते आले का?" असं विचारा.

दुसरं, जागा न बघता दर सांगणाऱ्याला नमस्कार करा. तिसरं, प्रत्यक्ष कामावर कोण असणार? बरेचदा बोलणारा एक आणि काम दुसऱ्याच टोळीला उक्तं दिलेलं. टोळी असायला हरकत नाही, पण सूत, गुण्या आणि लेव्हल कोण बघणार त्याचं नाव आधी कळावं.

पक्काकाम

पैशांबद्दल माझ्याच धंद्याविरुद्ध सांगतो. सगळी रक्कम माल यायच्या आधी देऊ नका. माल पोचला की थोडे, खडी दाबून झाली आणि तुम्ही मोजली की थोडे, ब्लॉक झाले की थोडे. ५ ते १० टक्के पहिला जोराचा पाऊस पडून पाणी कुठे साचत नाही हे दिसेपर्यंत हातात ठेवा. हे आधीच लिहा. काम झाल्यावर सांगितलं तर भांडण. ज्याला आपल्या कामाची खात्री आहे तो कुरकुरतो, पण मानतो.

मोजणीही ठरवा. झाडाचे वाफे वजा होणार का, कटिंगचा तोटा कुणाचा, खणताना पाण्याची लाइन फुटली तर कोण जोडणार. आणि ब्लॉक घालण्याआधी आडवे रिकामे पाइप टाकून ठेवा, फाटकाच्या मोटरसाठी, बागेच्या दिव्यांसाठी. लोकांना हे काम संपल्यावर आठवतं.

ओसरी

सगळ्यांचं वाचून कामाचं वर्णन लिहिलंय. हेच तिघांना देणार आणि यावरच दर मागणार. तपासून द्या:

गाडीची पट्टी, ३५ चौ. मी.: तयार पातळीपासून २९० मिमी खणणे, माती उचलून आवाराबाहेर नेणे. तळाला ६० ला १ ढाळ. जिओटेक्स्टाइल. दाबल्यानंतर २०० मिमी खडी-मुरूम, १०० मिमीच्या दोन थरांत, प्लेट कॉम्पॅक्टरने. ३० मिमी धुतलेली जाड रेती, सिमेंटशिवाय. ६० मिमी मशीनचे ब्लॉक, हेरिंगबोन. दोन्ही बाजूंना काँक्रीटमध्ये कर्ब. सांध्यांत कोरडी बारीक रेती. दोन रिकामे पाइप आडवे. सेप्टिक टँक घराच्या मागे आहे आणि तिकडे वेगळी वाट आहे, तेव्हा जड गाडी इथे येणार नाही.

मागची जागा, १६ चौ. मी.: खरबरीत शहाबादी, खाली १०० मिमी दाबलेली खडी आणि ७५ मिमी काँक्रीट, पूर्ण तळाला माल, दरजा भरून. अॅसिड वापरणार नाही असं लेखी.

चिरेबंदी

शेवटच्या ओळीवर खूश! मागच्या जागेलाही ढाळ लिहा, ५० ला १. खुर्ची डुगडुगण्याइतका तो जाणवत नाही. काळ्या मातीवर तिथेही काँक्रीटला मध्ये एक सांधा द्या आणि फरशीचा सांधा बरोबर त्याच्यावर आणा, नाहीतर खालचा तडा फरशीतून वर येईल.

जुना_मुकादम

वर्णन चोख. दोन भर घाला. "ब्लॉक बसवल्यावर मशीन, मग रेती, मग पुन्हा मशीन" असं लिहा, नाहीतर एकदाच फिरवतात. आणि मजुरांनी खडी दाबून झाली म्हटल्यावर लगेच ब्लॉक घालू देऊ नका. काही दिवस आपली गाडी त्याच खडीवरून आत-बाहेर करा. कुठे चाकोरी पडली तर तिथे भर टाकून पुन्हा दाबता येते, तेही ब्लॉक न उचलता. हे सगळं पावसाआधी. भिजलेल्या काळ्या मातीवर मशीन चालवलं तर ती दबत नाही, नुसती लिबलिबते.

नवे ब्लॉक काही महिन्यांनी पांढरे पडले तर ठेकेदाराला फोन करू नका. सिमेंटमधला चुना ओलीबरोबर वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा थर होतो. पावसाने, वापराने बहुतेक निघून जातो. घाईने सीलर मारलंत तर तो खाली अडकून बसेल.

रेघोट्या

ओसरी, एक राहिलं. फाटक आत उघडतं की बाहेर?

ओसरी

आत. दोन पल्ले आहेत, प्रत्येकी पावणेदोन मीटरचे. का?

रेघोट्या

कारण तुमची जमीन फाटकाकडून घराकडे चढत जाणार. पावणेदोन मीटरमध्ये ६० ला १ ने ३ सेंटीमीटर चढ येतो. पल्ला पूर्ण उघडला की त्याचं खालचं टोक जमिनीला घासेल. फाटकाच्या रेषेत आज खाली फट किती आहे आणि तयार पातळी कितीवर येणार, ते मोजा. ५ सेंटीमीटर मिळत असतील तर काही करायला नको. नसतील तर लोहाराला आधी बोलवा, ब्लॉकवाल्याला नंतर.